उंबरठ्यापर्यंत आलेले युद्ध : ‘द वॉर’ या माहितीपटमालिकेची प्रस्तावना

केन बर्न्स आणि लिन नोव्हिक यांनी दिग्दर्शित केलेली आणि जेफ्री सी. वॉर्ड यांनी संहिता लिहिलेली ‘द वॉर’ ही सात भागांची माहितीपटमालिका २३ सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेच्या ‘पीबीएस’ या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून प्रथम दाखवली गेली. तिचा विषय दुसरे महायुद्ध हा असला, तरी त्या युद्धाचा समग्र इतिहास सांगण्याची प्रतिज्ञा तिने केलेली नाही. हे युद्ध इतक्या ठिकाणी लढले गेले की त्याचा हिशेब कोणत्याही एका कथनात मावणार नाही, हे आरंभीच मान्य करून ती चार अमेरिकी गावांपुरते आपले क्षेत्र आखून घेते. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो, अलाबामातील मोबील, कनेक्टिकटमधील वॉटरबरी आणि मिनेसोटातील लुव्हर्न ही ती गावे. या गावांतून जे तरुण लढायला गेले आणि त्यांची वाट पाहत जे मागे राहिले, त्या दोघांच्या वाट्याला आलेले युद्ध एकच होते, ही मालिकेची मूळ भूमिका आहे. तिचे बळ आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या भूमिकेतूनच निघतात.

सैन्य जिथे शत्रूशी भिडते ती आघाडी, आणि त्या सैन्याला अन्न, शस्त्रे, पैसा आणि माणसे पुरवणारा मागचा सगळा समाज म्हणजे ‘गृह-आघाडी’, अशी विभागणी पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. कारखान्यातली पाळी, शेतातले पीक आणि घरातली साखर यांचाही युद्धाच्या निकालाशी थेट संबंध असतो, हे त्या काळात राज्यकर्त्यांना पटले होते. इतिहासकारांनी मात्र गृह-आघाडीला दीर्घकाळ एक वेगळे प्रकरण देऊन तिची बोळवण केली. ब्रिटनमध्ये १९७३ साली निर्माण झालेली ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही २६ भागांची मालिका आजही या प्रकारातील मानदंड मानली जाते, आणि तिच्यातही ब्रिटनमधील व जर्मनीतील नागरी जीवनाला स्वतंत्र भाग दिलेले आहेत. बर्न्स आणि नोव्हिक यांनी ही भिंत काढून टाकली. त्यांच्या मालिकेत पॅसिफिकमधील एखाद्या बेटावरची लढाई चालू असतानाच दृश्य मोबीलच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात येते, तिथून लुव्हर्नच्या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरते आणि पुन्हा त्या बेटावर जाते. एकाच आठवड्यात दोन ठिकाणी काय चालले होते ते प्रेक्षकाला शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. ही केवळ संकलनाची क्लृप्ती नाही, कारण सैनिकाला घरचे जे ठाऊक नव्हते आणि घराला सैनिकाचे जे ठाऊक नव्हते, ते दोन्ही एकाच वेळी फक्त प्रेक्षकाला कळते आणि युद्धकाळातील कुटुंबाची खरी यातना कशात होती हे त्यामुळेच उमगते.

गावांची निवड विचारपूर्वक झाली आहे. वॉटरबरी हे पितळेच्या उद्योगाचे शहर, त्यामुळे युद्ध सुरू होताच तेथील कारखाने काडतुसांची आवरणे आणि तोफगोळ्यांचे भाग बनवू लागले आणि मंदीच्या दशकात हात रिकामे राहिलेल्या कुटुंबांना अचानक भरपूर काम मिळाले. तेथील वस्तीत इटलीहून आलेल्या स्थलांतरितांची मुले मोठ्या संख्येने होती, आणि त्यांतील अनेकांना आईवडिलांच्या मायदेशातच बंदूक घेऊन उतरावे लागले. लुव्हर्न हे त्या मानाने अगदी लहान, सुमारे तीन हजार वस्तीचे, शेतकऱ्यांचे गाव. त्याच्या वाट्याला आलेले युद्ध जपले गेले ते प्रामुख्याने ‘रॉक काउंटी स्टार हेरल्ड’ या स्थानिक वृत्तपत्राचे संपादक अल मॅकिंटॉश यांच्या सदरामुळे. कोणाचा मुलगा भरती झाला, कोणाच्या घरी तार आली, पेट्रोलअभावी कोणाचे काय अडले, अशा बारीक नोंदी हे संपादक करत असत. मालिकेत टॉम हँक्स यांच्या आवाजात त्या वाचल्या जातात आणि साऱ्या मालिकेत गृह-आघाडीचा त्याहून विश्वासार्ह साक्षीदार दुसरा नाही. गावातल्या प्रत्येक मृत मुलाला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाने लिहिलेली बातमी आणि लष्करी कचेरीने काढलेले पत्रक यांतले अंतर मॅकिंटॉश यांच्या साध्या वाक्यांतून दिसते.

मोबीलचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याला मालिकेने न्याय दिला आहे. मेक्सिकोच्या आखातावरील या बंदरात जहाजबांधणीचे काम इतके वाढले की आसपासच्या खेड्यांतून लोंढे येऊ लागले, काही वर्षांतच परिसराची लोकवस्ती निम्म्याहून अधिक वाढली, शाळा दोन पाळ्यांत भरू लागल्या आणि भाड्याच्या खाटेवर एक कामगार उठून गेला की दुसऱ्याने झोपावे अशी वेळ आली. गृह-आघाडी म्हणजे एकदिलाने राबणारा देश, या प्रचारी चित्राला सर्वांत मोठा तडा इथेच जातो. संरक्षण-उद्योगांत वंशभेद करू नये असा आदेश राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून १९४१ मध्येच काढला होता. तरीही मे १९४३ मध्ये मोबीलच्या एका मोठ्या जहाज-कारखान्यात बारा कृष्णवर्णीय कामगारांना वेल्डर म्हणून बढती मिळताच गोऱ्या कामगारांच्या जमावाने कृष्णवर्णीयांवर लोखंडी नळ्या आणि हत्यारे घेऊन हल्ला केला, आणि अखेर तोडगा निघाला तो कृष्णवर्णीयांना वेगळ्या धक्क्यांवर काम देण्याचा. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४२ साली ‘दुहेरी विजया’ची मोहीम सुरू केली होती, परदेशात हुकूमशाहीवर आणि स्वदेशात वंशभेदावर विजय, असा तिचा अर्थ होता. त्यातील दुसरा विजय युद्ध संपले तेव्हाही फार दूर होता, हे मालिका लपवत नाही.

या मालिकेतील सर्वांत प्रभावी मांडणी सॅक्रामेंटोच्या संदर्भात आढळते. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला, आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरे, दुकाने व शेते सोडायला लावून आतल्या प्रदेशांतील काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील दोनतृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे जन्मसिद्ध नागरिक होते. या दुसऱ्या पिढीला ‘निसेई’ म्हणतात. सॅक्रामेंटोची अनेक कुटुंबे तुली लेक या छावणीत गेली. याच छावण्यांमधून आणि हवाई बेटांवरून निसेई तरुणांची ४४२वी रेजिमेंट उभी राहिली. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्समधील व्होज पर्वतराजीत वेढ्यात सापडलेल्या टेक्सासच्या २११ सैनिकांची तिने सुटका केली, आणि त्यासाठी तिचे सुमारे ८०० जवान मारले गेले किंवा जखमी झाले. ज्याचे आईवडील स्वतःच्या सरकारच्या पहाऱ्यात बंदिस्त आहेत असा सैनिक त्याच सरकारसाठी लढतो, तेव्हा ‘घर’ आणि ‘आघाडी’ या दोन्ही कल्पनांची फेरतपासणी करावी लागते. सरकारला या अन्यायाबद्दल माफी मागायला आणि हयात असलेल्या पीडितांना प्रत्येकी २० हजार डॉलर भरपाई मंजूर करायला १९८८ साल उजाडले.

याच्याच जोडीला मालिका आणखी एक छावणी दाखवते. फिलिपाइन्समध्ये राहणारे सॅक्रामेंटो परिसराशी नाते असलेले एक अमेरिकी कुटुंब जपान्यांच्या ताब्यात सापडले आणि मनिला येथील सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात इतर हजारो नागरिकांबरोबर बंदिवासात राहिले. त्या कुटुंबातील लहान मुलीने पाहिलेली उपासमार, दर महिन्याला घटत जाणारा शिधा आणि ३ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकी रणगाडे दारात आल्यावर झालेली सुटका हे सारे तिच्याच दृष्टीने सांगितले जाते. दोन्ही छावण्यांना एका मापाने मोजण्याची चूक निर्माते करत नाहीत, कारण मनिलातील भूक आणि तुली लेकमधील अपमान यांची जातकुळी वेगळी आहे; पण एकाच परिसरातील दोन कुटुंबे महासागराच्या दोन टोकांना तारेच्या कुंपणाआड आहेत, आणि एकीचे रक्षक दुसरीचे मुक्तिदाते आहेत, ही वस्तुस्थिती कोणत्याही भाष्याशिवाय समोर येते.

युद्धातील कुटुंबाच्या जीवनाचा खरा आधार मात्र टपाल हा होता, आणि मालिकेचा गाभाही टपालातच आहे. जहाजांवरील जागा वाचवण्यासाठी अमेरिकेने जून १९४२ पासून ‘व्ही-मेल’ ही पद्धत सुरू केली. ठरावीक कागदावर लिहिलेल्या पत्राचे सूक्ष्मफितीवर छायाचित्र घ्यायचे, फीत पाठवायची आणि पोहोचल्यावर पत्राची लहान आकारातील प्रत काढून घरोघरी वाटायची, अशी ही योजना होती, आणि दीड लाख पत्रांना लागणाऱ्या ३७ पोत्यांचे काम तिच्यामुळे एका पोत्यात भागे. ही पत्रे अधिकारी तपासत, ठिकाण व मोहीम यांचा उल्लेख खोडत. परंतु सैनिक स्वतःच्या लेखणीवर जो पहारा ठेवत तो त्याहून कडक होता. वॉटरबरीच्या एका इटालियन कुटुंबातील मुलगा इटलीच्या आघाडीवरून घरी सतत कळवत राहिला की आपण मजेत आहोत, जेवण उत्तम आहे, काळजीचे कारण नाही. प्रत्यक्षात तो ॲन्झिओच्या किनारपट्टीवर भयंकर लढाईत होता आणि तिथून रोमच्या दिशेने झालेल्या चढाईत मारला गेला. घरापर्यंत सत्य पोहोचले ते तारेने, आणि तार व पत्र यांच्या प्रवासाला लागणारा काळ वेगवेगळा असल्यामुळे हजारो घरांत असे झाले की मुलाच्या मृत्यूची वर्दी आधी आली आणि त्याच्या हातची खुशाली नंतर. ज्या घरातले माणूस सैन्यात आहे त्या घराच्या खिडकीत निळा तारा असलेले निशाण लावण्याची आणि ते माणूस गेल्यास त्या जागी सोनेरी तारा लावण्याची प्रथा होती, त्यामुळे तार वाटणारा मुलगा गल्लीत शिरताच निळ्या ताऱ्याच्या प्रत्येक घरावर काय गुजरत असेल याची कल्पना करता येते.

याच्या उलट उदाहरण लुव्हर्नच्या क्वेंटिन ॲनन्सन यांचे आहे. ‘पी-४७ थंडरबोल्ट’ या लढाऊ विमानाचे वैमानिक म्हणून त्यांनी युरोपात अनेक मोहिमा केल्या आणि आपल्या गोळ्यांनी माणसे पडताना डोळ्यांनी पाहिली. युद्धाने आपण आतून कसे बदललो आहोत हे वाग्दत्त वधूला सांगणारे पत्र त्यांनी १९४४च्या अखेरीस लिहिले, पण पाठवले नाही. खुशालीची पाठवलेली पत्रे आणि सत्याचे न पाठवलेले पत्र यांच्या मधल्या जागेत लाखो कुटुंबे चार वर्षे जगली. या मालिकेने इतिहासलेखनात काही नवी भर घातली असेल, तर ती ही जागा दाखवण्यात आहे.

घराला आघाडी किती दिसू द्यायची, हा प्रश्न सरकारपुढेही होता. साखर, कॉफी, मांस, लोणी, पेट्रोल आणि टायर यांचे शिधावाटप लोकांनी निमूटपणे स्वीकारले, खासगी मोटारींचे उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये थांबले, भंगार आणि रबर गोळा झाले, युद्धरोखे खपले; तरी युद्धात मरणाऱ्या अमेरिकी सैनिकांची छायाचित्रे सुरुवातीची जवळजवळ दोन वर्षे दडवून ठेवली गेली होती. न्यू गिनीतील बुना येथील वाळूवर पडलेल्या तीन अमेरिकी सैनिकांचे जॉर्ज स्ट्रॉक यांनी टिपलेले छायाचित्र ‘लाइफ’ साप्ताहिकाने सप्टेंबर १९४३ मध्ये छापले, तेही राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाऊन परवानगी मिळाल्यावर. विजय जवळ आल्याच्या समजुतीने लोक सैल पडू लागले आहेत, त्यांना किंमत दिसली पाहिजे, असा त्यामागचा हिशेब होता. म्हणजे मृत्यू लपवणे आणि मृत्यू दाखवणे ही दोन्ही गृह-आघाडी टिकवण्याची साधने होती, आणि मालिकेत वापरलेली प्रत्येक जुनी फीत पाहताना ती कोणी, कोणासाठी घेतली होती हे विसरून चालणार नाही. येथे एक तांत्रिक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. युद्धभूमीवरील बहुतेक चित्रण मूक होते. मालिकेत ऐकू येणारे तोफांचे, चिखलाचे, विमानांचे आवाज नंतर ध्वनिमुद्रणालयात जोडलेले आहेत. हे काम अत्यंत कौशल्याने झाले आहे, पण काटेकोर अभ्यासकाने ते अस्सल कागदपत्राचा भाग न मानता निर्मात्यांचे अर्थनिर्णयन मानावे.

साक्षीदारांच्या बाबतीत निर्मात्यांनी एक कठोर नियम पाळला. जे स्वतः लढले किंवा लढणाऱ्यांची ज्यांनी वाट पाहिली तेच बोलतील, इतिहासतज्ज्ञ किंवा सेनानी नाहीत. पॉल फसेल आणि सॅम्युएल हाइन्स हे दोघे नामवंत साहित्याभ्यासक मालिकेत दिसतात, ते मात्र एक पायदळाचा लेफ्टनंट आणि दुसरा मरीन दलाचा वैमानिक म्हणून. आणि शब्दांचा अभ्यास आयुष्यभर केलेल्या या दोघांच्या साक्षींना जी धार आहे ती पाहता ही निवड मालिकेच्या पथ्यावर पडली असे म्हणावे लागेल. मोबीलचे युजीन स्लेज २००१ मध्येच निवर्तले होते. पेलेलियू आणि ओकिनावा येथील लढायांत दैनंदिनी ठेवण्यास बंदी असताना बायबलच्या नव्या कराराच्या खिशातल्या प्रतीत त्यांनी चोरून नोंदी केल्या, त्यांतून १९८१ साली त्यांचे युद्धस्मरण प्रसिद्ध झाले आणि मालिकेत त्यांचे शब्द अभिनेत्याच्या आवाजात येतात. साठ वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीला काळाची पुटे चढतात, हा आक्षेप खराच आहे. परंतु मालिका तयार होत असताना अमेरिकेत त्या युद्धातील सुमारे हजार सैनिक दररोज मरण पावत होते, आणि सेवा बजावलेल्या १ कोटी ६० लाखांपैकी फारच थोड्यांनी तोवर तोंड उघडले होते. अशा वेळी स्मृतीचे दोष पत्करूनही ती नोंदवणे हाच शहाणपणा होता.

नियम कठोर असला की त्यातून कोणीतरी वगळले जाते. मालिका दाखवली जाण्यापूर्वीच तिच्यात लॅटिनो, म्हणजे स्पॅनिश भाषक वारशाच्या, सैनिकांची एकही मुलाखत नाही हे उघड झाले. युद्धात काही लाख लॅटिनो लढले होते, आणि टेक्सास विद्यापीठातील प्राध्यापिका मॅगी रिव्हास-रॉड्रिगेझ १९९९ पासून त्यांच्या मौखिक इतिहासाचे काम करत होत्या. त्यांच्या पुढाकाराने झालेल्या आंदोलनानंतर दोन लॅटिनो आणि एका मूळनिवासी अमेरिकी सैनिकाच्या मुलाखतींचा सुमारे अर्ध्या तासाचा मजकूर जोडण्यात आला. तो मूळ कथनात मिसळलेला नाही, काही भागांच्या अखेरीस येतो, आणि ते ठिगळ आजही डोळ्यांना जाणवते. चार गावे निवडण्याच्या पद्धतीला हा दोष अपरिहार्य नव्हता. सॅक्रामेंटोत शोध घेतला असता तर असे साक्षीदार तिथेच मिळण्यासारखे होते.

दुसरी मर्यादा शीर्षकातच आहे. सोव्हिएत संघाचे अडीच कोटींहून अधिक लोक ज्या युद्धात गेले त्याला अमेरिकी चार गावांच्या चौकटीत ‘द वॉर’ म्हणणे हे मराठी वाचकाला खटकेल, आणि ते खटकलेच पाहिजे. इटलीच्या आघाडीचेच उदाहरण घ्यावे. ४४२व्या रेजिमेंटचे डॅनियल इनौये, जे पुढे जवळजवळ अर्धशतक अमेरिकी सिनेटचे सदस्य राहिले, त्यांनी २१ एप्रिल १९४५ रोजी याच आघाडीवर उजवा हात गमावला आणि मालिकेत ते स्वतः ही हकिकत सांगतात. त्याच अंतिम चढाईच्या पहिल्या दिवशी, ९ एप्रिल रोजी, सेनियो नदीच्या काठी मराठा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना नदीपार नेऊन शत्रूच्या मशीनगन एकट्याने बंद पाडल्या, आणि त्याआधी १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीतील कोकणचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले होते; दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या मागे असलेल्या घरांची गृह-आघाडी कशी होती, याचे चित्रण मात्र कोठेच नाही. सुमारे २५ लाख भारतीय या युद्धात स्वेच्छेने भरती झाले. मे १९४३ पासून मुंबईत शिधावाटप सुरू झाले, त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळा भरलेल्या जहाजाच्या स्फोटाने युद्ध शहराच्या वस्तीत येऊन पोहोचले. पारतंत्र्यातील देशाच्या सैनिकाचे कुटुंब कोणाच्या युद्धासाठी वाट पाहत होते, हा प्रश्न अमेरिकी गावांना पडला नव्हता; सातारा, रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील आणि कोल्हापूर संस्थानातील गावांना तो पडला असणार.

या भारतीय सैनिकांच्या पत्रांचे उतारे आज जे सापडतात ते मुख्यतः ब्रिटिश सेन्सॉर अधिकाऱ्यांच्या अहवालांत, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंग्रजी भाषांतराच्या रूपात जपलेले आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची स्मृती सांगणारी शिला आहे, पण अशा शिलेवर घरातल्यांनी काय सोसले ते लिहिलेले नसते. म्हणून ‘द वॉर’ पाहणाऱ्या मराठी वाचकाने ती परक्या देशाची उत्तम कलाकृती म्हणून पाहून थांबू नये. ज्या घरांत त्या काळातली पेन्शनची पुस्तिका, पदक, गणवेशातले छायाचित्र किंवा आघाडीवरून आलेले एखादे पत्र उरले असेल, त्यांनी त्याची प्रत करून जिल्ह्याच्या ग्रंथालयाकडे, विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे किंवा रेजिमेंटच्या संग्रहालयाकडे द्यावी, आणि सैनिकांच्या मुली, सुना व धाकटी भावंडे जोवर बोलू शकतात तोवर त्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. त्या युद्धात वयात आलेली माणसे आज शंभरीच्या घरात आहेत.